सुटलेल्या गोळ्या

मावशी शिवणकाम करते. वजन घटवायला तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. मापं निम्म्यावर आली, डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. आनंदाच्या भरात बाईने जन्मभर घ्यायच्या ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही केरात टाकल्या. सुक्याबरोबर ओलंही जळालं. मी बोलले तर म्हणाली, "बरी झालेय, आता कशाला ती पीडा?"

पुढे हाडं ठणकायला लागली, मशीनचं पायडल दाबवेना. डॉक्टर चिडले, "अहो, पोट लहान केलंय, नुसत्या जेवणातून जीवनसत्त्व अंगी लागणार कसं? हाडं मऊ पडलीत!"

आज तिला स्टुलावरून उठताच येईना. काकांनी एका बगलेत हात घातला, मी दुसरीत. मावशी हमसून रडली, "एवढी अवाढव्य होते, तेव्हा एकटी उठत होते गं मी!"