शेजारच्या सीटचा खळगा

गाड्यांच्या सीट शिवणारा कुशनवाला हाताचा मऊ आणि तोंडाचा तिखट. सुई बोटात घुसली तरी चकार शब्द काढणार नाही, पण रस्त्यात कुणी हूल देऊन पुढे गेला की याच्या तोंडाचा पट्टा सुटलाच. नाकावर राग आहे त्याच्या, असं म्हणून लोक हसायचे आणि सोडून द्यायचे. त्यांचं काय जातंय? त्यांना थोडंच रोज त्याच्या शेजारी बसून जायचं होतं!

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बसच्या पायऱ्या तिला जड जाऊ लागल्या, तेव्हा त्यानं एक जुनी गाडी घेतली. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायची. तिला रोज आरामात नेऊन सोडायचं, तिनं खुशीत शेजारी बसायचं, एवढीच त्याची हौस. गाडी विकणाऱ्या बाईंचा नवरा नुकताच गेला होता. त्यांनी किमतीसाठी घासाघीसही केली नाही. चावी हातात ठेवताना फक्त म्हणाल्या, लवकर घेऊन जा.

नवी सीट शिवण्याआधी जुनी चाचपायची, ही त्याची पद्धत. कव्हर काढायचं, डोळे मिटायचे आणि फोमवरून तळवा फिरवायचा. बसणारा जाडा की बारीक, कुठल्या बाजूला कलतो, सगळं त्याला कळायचं. शेजारच्या सीटवर मात्र त्याचा तळवा थबकला. मधला भाग कोरा होता. खळगा होता तो पार कडेला, दाराला चिकटून. दाराच्या आतल्या मुठीवर नखांचे बारीक ओरखडे होते. तो फोम त्यानं दुकानातही ठेवला नाही.

मग त्यानं सगळं नवं केलं. घट्ट फोम भरला, गुडघा दुमडायला नको म्हणून सीट जरा उंच केली, मुठीवर मऊ चामडं शिवलं. इंजिनचं तेल बदललं, ब्रेक तपासून घेतले. बायको म्हणाली, अहो, एवढं कशाला? त्यावर स्वारी आठवडाभर खूश होती.

आणि एके दिवशी गाडी पुसताना सीटवरून हात फिरला नि कडेला खोल गेला. खळगा परत आला होता. तोच, दाराशी. चामड्यावर नखं उमटली होती. असल्या फोमला दबायला वर्षं लागतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं फोम पुन्हा बदलला. खळगा पुन्हा आला. गाडीत कुणीतरी बसून राहिलंय, अशी त्याची खात्रीच झाली. तिथे बायको बसते, पण ती सरळच बसत असणार, असं तो धरून चालला होता. गाडी चालवताना त्याची नजर रस्त्यावर असायची आणि तोंड बाकीच्या गाडीवाल्यांवर.

बायकोला काही बाधायला नको, म्हणून काही दिवस बसनं जा, असं त्यानं सांगितलं. वाटलं, कुरकुर करेल. ती लगेच हो म्हणाली. बसच्या चढउतारानं लंगडत घरी यायची, पण भाजी चिरताना गुणगुणायची. तिचं गुणगुणणं याआधी कधी ऐकलं, ते त्याला आठवेना. रिकामी सीट तो रोज चाचपत होता. ती जराही दबली नाही.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून परत गाडीनं जाऊ."

गुणगुणणं थांबलं.

"बरं," ती म्हणाली. ओट्याची कड तिनं घट्ट धरली होती, नखं पांढरी पडेपर्यंत.

ती पकड त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना, म्हणून सकाळी त्यानं तिला बसनंच जाऊ दिलं. मग दुपारी दुकान तसंच टाकून तो घरी आला. पलंगावरची गादी त्यानंच लग्नाच्या वेळी शिवलेली. चादर ओढून काढली, डोळे मिटले आणि तिच्या बाजूला तळवा टेकवला. मधला भाग कोरा. खळगा अगदी कडेला, दाराच्या बाजूला. भुताची भीती वाटत होती तेच बरं होतं, असं त्याला वाटलं. आता त्याला स्वतःचीच भीती वाटत होती.

तो त्या खळग्यात बसला. तिथून समोर फक्त दार दिसत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. जिन्यात तिची पावलं वाजली, दाराबाहेर आली आणि थांबली. कडी वाजली नाही. आत त्याचा आवाज चढलाय का, ते ती कान देऊन ऐकत होती. रोजच ऐकत असणार. तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, पण कुठल्या आवाजात मारावी, ते त्याला सुचेना.