हॉलंडची घंटागाडी

लेकीच्या बाळंतपणासाठी बायको हॉलंडला निघाली, तेव्हा तिने माझ्या ताब्यात दोन गोष्टी दिल्या: विरजणाचं भांडं आणि स्वतःचा फोन. विरजणाचा मी आठवड्याच्या आत निकाल लावला. फोन मात्र जिवापाड जपला.

फोन इथे ठेवण्यामागे आमचं घरगुती शहाणपण होतं. इथलं सिम तिकडे चालवायचं तर रोमिंगला पैसे पडतात, आणि तिकडचा फोन लेकीने घेऊन ठेवलाच होता. मग हा उगाच कशाला न्यायचा? परदेशी जाताना बँकेलाही सांगून जायचं असतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानीमनी नव्हतं. आम्ही वणीच्या देवीला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, दूधवाल्याला अर्धा लिटर कमी टाक म्हणून सांगितलं. बँक तेवढी राहिली.

बायकोचा एक बाणा आहे. लेकीकडे राहायचं, पण नातीसाठी जावयाच्या पैशाने साधं टोपडंही घ्यायचं नाही. बाळंतविडा आजोळचा आणि पाळणाही आजोळचा. जावई भला माणूस आहे. आई, माझं कार्ड घ्या, असं तो रोज म्हणे, आणि ही रोज हसून पर्समधून आपलं कार्ड काढी. ऑनलाइन काही मागवलं की बँकेचा ओटीपी यायचा तो मात्र नाशिकला, आमच्या फ्रिजवर ठेवलेल्या फोनवर. मग तो विचारायला हॉलंडहून मला फोन.

इतकं मानाचं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. ऑफिसातून आलो की मी खुर्ची फ्रिजजवळ ओढून बसायचो. फोन आला की आधी काय घेतलं ते सांग, मग आकडे, असा माझा नियम. ओटीपीला आयुष्य फार कमी असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. एक-दोनदा तर तो मी गप्पा मारता मारता मरू दिला, म्हणजे दुसरा मागवावा लागतो आणि तेवढंच बोलणं लांबतं. आकडे मी नुसते वाचत नसे. पहिला राजदरबारात घोषणा केल्यासारखा, दुसरा कानगोष्टीसारखा, आणि शेवटच्या आकड्याआधी एक मोठा श्वास. पलीकडून लेकीचं हसू ऐकू यायचं. बायको हसायची नाही, पण फोनही ठेवायची नाही.

एकदा किराणा मागवला, त्यात द्राक्षं होती. कुठली, तर डबीवर भारत लिहिलेलं.

"अगं, दिंडोरीला एसटी जाते," मी म्हणालो. "द्राक्षंच खायची होती तर एवढं लांब कशाला गेलीस?"

"अहो, ओटीपी," ती म्हणाली.

ज्या दिवशी काही घ्यायचं नसे, त्या दिवशी फोन नसे. तिचंही बरोबर होतं. बाळ रात्रभर जागं, लेक अशक्त, स्वयंपाक हिच्या गळ्यात. मी मोठा कुकर काढायचो आणि तळाला एकट्याचे मूठभर तांदूळ पाहून परत ठेवून द्यायचो. टीव्ही लावायचो तो शेजारच्यांना घरात माणसं आहेत असं वाटावं म्हणून. मग मी एक युक्ती काढली. व्हॉट्सॲपवर सहज विचारल्यासारखं करायचं: दुपटी पुरतात ना? मोजे आहेत ना? तिकडे म्हणे वारा फार असतो. दोन दिवसांत कानटोपीचा ओटीपी यायचा. नातीकडे मोज्यांचा एवढा साठा झाला, की लेकीनेच शेवटी बाबा, आता पुरे, असं कळवलं.

मग पाळण्याची वेळ आली. बारसं तोंडावर होतं. लेकीने लाकडी पाळणा शोधून ठेवला होता आणि हिने आजवर केलेली ही सगळ्यात मोठी खरेदी. त्या संध्याकाळी मी आकडे असे म्हटले, की रंगमंचावर असतो तर पडदा पाडावाच लागला असता. पैसे गेले असं वाटलं, आणि अडकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना फ्रिजवरचा फोन वाजला. बँकेतून एक मुलगी बोलत होती, अगदी नम्र. मॅडमशी बोलता येईल का, असं तिने विचारलं.

आता यावर एक साधं उत्तर होतं: ती इथे नाहीये. पण ते काही केल्या तोंडून निघेना. इतके दिवस मी ते कुणाला म्हटलंच नव्हतं. वॉचमनने विचारलं तर येईल लवकरच, असं म्हणायचो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुली मिळाल्या नाहीत म्हणून मी एकदा नायिकेच्या आईचं काम केलं होतं आणि ते गाजलंही होतं. तोंडाला साबण तसाच, आणि मी तोच आवाज काढला.

"हो, बोलतेय."

तिने जन्मतारीख विचारली, मी सांगितली. आईचं नाव विचारलं, सासूबाईंचं नाव मी लाजत सांगितलं. खरेदी तुम्हीच केलीत का? हो, नातीचा पाळणा. शेवटी तिने विचारलं, मॅडम, आत्ता आपण कुठे आहात?

"हॉलंडला," मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी खिडकीखाली घंटागाडी येऊन उभी राहिली. नाशिककरांना सांगायला नको. आधी गाणं, मग ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, सगळं खणखणीत मराठीत, भोंग्यातून. मी फोनवर हात दाबला, पण हाताने घंटागाडी थोडीच थांबते.

पलीकडे त्या मुलीने भोंगा पूर्ण ऐकून घेतला.

"मॅडम," ती म्हणाली, "हॉलंडलाही घंटागाडी येते का?"

खात्याच्या सुरक्षिततेसाठी कार्ड बंद करत आहोत, असं तिने त्याच नम्रपणे सांगितलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा लेक पोट धरून हसत होती. बायको नाही. पाळण्याचे पैसे मी भरतो, असं जावई म्हणाला होता, आणि हिने नको म्हटलं होतं. माझ्या कार्डावर परदेशातला व्यवहार चालू नव्हता. बारसं जवळ आणि पाळणा नाही.

"ती घरी नाही, एवढं म्हणता आलं नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही आलं," मी म्हणालो.

त्यावर तिने विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः बँकेला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर कुणीतरी भेटलं. कुठल्या देशात, कधीपर्यंत, सगळं लिहून घेतलं, कार्ड उघडलं आणि वर बजावलं: पुन्हा असं व्हायला नको असेल तर तुमचा नंबर तुमच्याजवळ ठेवा. म्हणजे सिम तिकडे जायला हवं. पिंपळगावचे एक ओळखीचे व्यापारी द्राक्षांचे कंटेनर उतरवून घ्यायला त्याच आठवड्यात तिकडे निघाले होते. मी रोमिंग चालू करून घेतलं आणि सिम तिच्या कुंकवाच्या करंड्यात घालून त्यांच्या हाती दिलं. एवढ्याशा सिमला एवढा डबा कशाला, ते म्हणाले. हरवायला नको, मी म्हणालो.

सिम नसलेला फोन मी सवयीने पुन्हा फ्रिजवर ठेवला. तो आता फक्त वेळ दाखवायचा.

सिम पोचल्याचा निरोप आला. आता तिला माझी गरज नव्हती, तरी संध्याकाळी खुर्ची फ्रिजजवळच होती. माझा फोन वाजला.

"ओटीपी आलाय," बायको म्हणाली.

"मग टाक ना."

"मी वाचते. तुम्ही म्हणा, मग टाकते. पाळणा काय माझ्या एकटीचा आहे?"

ती एकेक आकडा वाचत गेली आणि मी तो तिच्यामागून म्हणत गेलो. ना घोषणा, ना कानगोष्ट. शेवटचा आठ होता. मग ती म्हणाली, गेले पैसे. मागे बाळ रडायला लागलं आणि ती ठेवते म्हणाली.

फ्रिज आपला घुं घुं करत होता. मी पुन्हा एकदा आठ म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने. मग उठून लहान कुकर काढला आणि एकट्यापुरता भात लावला.