पडदा लावलेली खोली

सायखेड्याजवळच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हर्षाली गांगुर्डे नऊ हंगाम मालाची तपासणी करत होती. बाळंतपणाच्या रजेनंतर ती परत आली, तर तिला मिळायची ती तपासणी-प्रमुखाची जागा सोमनाथला गेलेली. मण्यांची गोडी कशी मोजायची, हे तिनेच ज्याला शिकवलं तो सोमनाथ!

"तुझं लेकरू अजून बारीक हे, हर्षाली. तुझ्याच सोयीसाठी केलं," मालक शेखरशेठ म्हणाले.

सोमनाथलाही चार महिन्यांची मुलगी होती. त्याची सोय पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

घरी बाळ सासूबाईंकडे असायचं. नवरा महेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणायचा, "झेपत नसेल तर सोड ना!" दुपारी पान्हा फुटायचा, ब्लाउज ओला व्हायचा. मग हर्षाली संडासात जायची. फिनेल आणि मुताच्या वासात, कडी तुटलेलं दार पायाने अडवून भिंतीवर दूध पिळायची. बाळाच्या वाट्याचं ते दूध घाणीत जाताना तिला बघवायचं नाही.

मार्चमध्ये परदेशी खरेदीदारांच्या वतीने कामगारांच्या सोयी बघायला मुंबईहून एक तपासनीस बाई येणार होत्या. आदल्या दिवशी खोके ठेवायची खोली झाडून निघाली. गुलाबी पडदा, खुर्ची, एक बाहुली आणि दारावर पाटी – हिरकणी कक्ष.

"ताई, उद्या बाळाला आणा. पाटीखाली बसा, फोटो भारी येईल," सोमनाथ हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हर्षाली आली ती एकटीच.

"ही खोली तुम्ही वापरता?" बाईंनी विचारलं.

"ही काल झाली, मॅडम. मी वापरते ती दाखवते, चला."

तिने बाईंना थेट संडासाच्या दारात नेलं. बाईंनी नाकाला रुमाल लावला. मागोमाग आलेले शेठ पांढरेफटक पडले.

अहवाल गेला, खोली कायम राहिली. द्राक्षं निवडणारी निकिता तिथे बाळाला निवांत पाजू लागली. हर्षालीला मात्र तपासणीवरून उचलून क्रेट धुवायला लावलं.

आठवडाभर तिने क्रेट धुतले आणि मग दिंडोरीला दुसऱ्या पॅकहाउसमध्ये मुलाखतीला गेली. तिथल्या साहेबांनी कागद चाळून विचारलं, "घरी लहान बाळ?"

"आहे. आणि मला प्रमुखाचीच जागा हवी."

"मिस्टरांना विचारलंत?"

हर्षालीने त्यांच्या हातातले कागद काढून घेतले. फाटकाबाहेर येऊन पचकन थुंकली आणि पिंपळगावच्या पॅकहाउसकडे जाणारी गाडी कुठे लागते, ते विचारू लागली.