पॉइंट आठ अँपिअरचा आरोपी

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवते: मिलिंदचा ट्रक पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी तिथे नव्हते. किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक्' झाले, ते मी ऐकलेले नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले, ते मी पाहिलेले नाही. शेजारच्या गुरमीत पाजींनी आपल्या गाडीच्या बॅटरीवरून जंप केबल लावताच इंजिन धडधडू लागले, तेव्हा मी कॉलेजात वर्गावर होते. म्हणजे माझ्याजवळ होती ती निव्वळ ऐकीव माहिती. आणि ऐकीव माहितीवर निष्कर्ष काढणाऱ्यांपैकी मी नाही, असे मी लोकांना गेली कित्येक वर्षे ऐकवत आले आहे.

पुढचे सगळे मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडले. बरेचसे माझ्याच हातून. तेव्हा चहा घ्या, आणि काय हसायचे ते आत्ताच हसून घ्या.

मिलिंद हा माझा धाकटा दीर. इथे कॅनडात, सरे गावी, आमच्याच बेसमेंटमध्ये राहतो. बारा वर्षे त्याने सॉफ्टवेअर लिहिले, आणि एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये कंपनीने त्याला निरोप दिला. आठ महिने तो अप्लाय करत राहिला. नवव्या महिन्यात तेवीस वर्षांचा एक निळा पिकअप ट्रक ड्राइव्हवेत आणून उभा केला आणि म्हणाला, "वहिनी, मी आता लोकांचं सामान हलवणार."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "इंजिनिअर होऊन हमाली करणार?"

"हमाली नाही आई, मूव्हिंग."

"म्हणजे इंग्रजीत हमाली!"

तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ट्रकची यथासांग पूजा त्यांनीच केली. बोनटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ, आणि डॅशबोर्डवर सिगरेट लायटरच्या भोकातून वीज घेणारा, प्रभावळ लुकलुकणारा गणपती. मी श्रद्धावान नाही. पण आक्षेपही घेतला नाही. त्या वेळी.

आता आमच्या घराची तांत्रिक स्थिती सांगते, म्हणजे पुढचे समजेल. घरात मिळून पाच पदव्या, पैकी चार इंजिनिअरिंगच्या. पाना एकही नाही. सुट्या भागांचे फर्निचर विकत घेतले की खोक्यात जी वाकडी किल्ली फुकट मिळते, तेवढीच आमची हत्यारे. आमच्याकडे नळ गळायला लागला तर आधी प्रवाहाचे गणित मांडतात. वायसर बदलायला माणूस बोलावतात. मी स्वतः मापनशास्त्र शिकवते. कोणतीही राशी अचूक कशी मोजावी, हा माझा पोटापाण्याचा विषय. हे ठळकपणे लक्षात ठेवा. मी विसरले होते.

मिलिंदला पहिले काम मिळाले ते मार्गारेट नावाच्या एका आजींचे. त्यांनी कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, विकला होता. शनिवारी दुपारी बारा वाजता नव्या मालकाला किल्ल्या द्यायच्या, आणि सामान उतरवायला इमारतीची लिफ्ट नऊ ते अकरा याच वेळात राखून ठेवलेली. ती वेळ चुकली तर आजींचे कपाट अकराव्या मजल्यावर आणि आजी रस्त्यावर. मिलिंद दोन दिवस नीट जेवला नव्हता. "वहिनी, पहिलाच रिव्ह्यू आहे. हा खराब गेला की मी संपलो." आणि ट्रक होता की सकाळी किल्ली फिरवली की 'टक्', जंप दिला की सुरू.

गुरुवारी दुपारी मी कॉलेजातून मीटर, चार्जर आणि एक पाना उसना घेऊन लवकर घरी आले. गुरमीत पाजी, वीस वर्षे लांब पल्ल्याचे ट्रक चालवून निवृत्त झालेले गृहस्थ, कुंपणापलीकडे पाने गोळा करत होते.

"बहनजी, कुछ नहीं है," ते म्हणाले. "दोनों टर्मिनल खोलो, ब्रश मारो, कस दो। दस मिनट का काम।"

"पाजी, पहले कारण ढूँढना चाहिए," मी म्हणाले. माझे हिंदी कर्मठ आहे. "बिना कारण जाने उपाय करना अवैज्ञानिक है."

पाजींनी मिलिंदकडे पाहिले. मिलिंदने पानांकडे पाहिले.

माझा सिद्धांत निर्दोष होता. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून कुठूनतरी चोरून वीज जाते आणि बॅटरी रिकामी होते. जुन्या गाड्यांत पन्नास मिलिअँपिअरपर्यंतची गळती क्षम्य, त्यापुढे गुन्हा. बॅटरीच्या ऋण टोकाची केबल सोडवायची, मध्ये मीटर जोडायचा, आणि एकेक फ्यूज काढत जायचे. ज्या फ्यूजला आकडा कोसळेल, तिथे चोर.

आधी मिलिंदकरवी बॅटरी चार्जरला लावली. चार्जरने दहा मिनिटांत 'भरली' म्हणून हिरवा दिवा दाखवला. रिकामी बॅटरी दहा मिनिटांत भरते का हो? कोणत्याही शहाण्या माणसाने इथेच थांबून विचार केला असता. मी चार्जरचे कौतुक केले.

मग मीटर जोडला. पॉइंट आठ अँपिअर!

"मिलिंद, हे बघ! क्षम्य मर्यादेच्या सोळापट!"

"वहिनी, दार उघडं आहे म्हणून आतला दिवा..."

"दाराचं बटण मी आधीच चिकटपट्टीने दाबून ठेवलंय. नवशिक्यांची चूक मी करीन का?"

त्याने मान डोलावली. बिचारा माझ्या बोलण्याने नव्हे, आकड्याने दबला होता.

पहिला संशयित अर्थातच डॅशबोर्डवर लुकलुकत होता. मी त्याची वायर उपटली. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच ओरडल्या, "अनघा! देवाचा दिवा का गं विझवलास?"

"आई, चौकशी चालू आहे."

"माझ्या गणपतीवर चोरीचा आळ?"

"तो निर्दोष असेल तर सुटेल ना!"

सुटला. आकडा तिसऱ्या दशांश स्थानी किंचित हलला, इतकेच. मी उमदेपणाने तसे जाहीर केले. सासूबाईंनी खिडकी लावून घेतली, आणि रात्री आमटीत मीठ नव्हते.

मग फ्यूज. मिलिंद काढणार, मी आकडा वाचणार आणि तो मांडीवरच्या लॅपटॉपवर तक्त्यात भरणार. एक ते दहा, फरक शून्य. अकरावा काढला आणि मीटर धाडकन पॉइंट शून्य दोनवर आला. काय सांगू तो आनंद! शोधनिबंध स्वीकारला गेल्यावरही मला इतके भरून आले नव्हते.

"सापडला! याच वाटेने वीज गळतेय. हा फ्यूज बाहेरच राहू दे, गळती बंद, विषय संपला."

"पण याच्यावर अजून काय काय आहे, वहिनी?"

"किरकोळ असणार. घड्याळ वगैरे. घड्याळाशिवाय ट्रक चालतो."

केबल पुन्हा जोडली, किल्ली फिरवली. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. मी बोनट दणकन आपटून बंद केला. मिलिंद म्हणाला, "ब्लॉकला एक फेरी मारून बघू का?" मी म्हणाले, "कशाला? निष्कर्ष सिद्ध झालाय." आणि घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सात मुद्द्यांचा अहवाल टाकला. माझा नवरा ऑफिसच्या कामाने टोरांटोला होता. त्याने अंगठा पाठवला. तो माझे अहवाल वाचत नाही. म्हणून तर संसार टिकला आहे.

शुक्रवारी तो अकरावा फ्यूज मी छोट्या पारदर्शक पिशवीत घालून कॉलेजात नेला. पिशवीवर लेबल होते: 'दोषी'. वर्गात पंचवीस मिनिटे पद्धतशीर निदानावर बोलले. 'अनुभवी' शेजाऱ्यांच्या ब्रशवाल्या सल्ल्याचाही उल्लेख केला, मुले हसली. मग पिशवी तिथल्याच टेबलाच्या खणात ठेवली आणि घरी आले.

शनिवार. सकाळचे साडेआठ. मिलिंदने नवा टी-शर्ट घातला होता. मी कॉफीचा कप घेऊन पायरीवर उभी, त्याला हात हलवून निरोप द्यायला.

टक्.

"परत एकदा फिरव," मी म्हणाले.

टक्.

"वहिनी!"

तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या अहवालात त्याला जागा नव्हती. मी म्हणाले, "थांब, मी मीटर आणते," आणि मिलिंद, ज्याने आजवर माझ्यापुढे आवाज चढवला नाही, तो म्हणाला, "मीटर नको! माणूस आणा!"

पाजी चप्पल घालून आले. बोनट उचलला. मी ज्या ऋण टोकाशी दोन तास झटले होते, त्याकडे त्यांनी ढुंकून पाहिले नाही. दुसऱ्या, धन टोकावर लाल रबरी टोपी होती. ती मी कधी उचललीच नव्हती, कारण माझ्या पद्धतीत ती उचलायची गरज नव्हती. पाजींनी उचलली. खाली पांढरा-हिरवा फुलकोबी फुलला होता. केबलची पकड बोटाने गोल फिरत होती.

"बहनजी, बैटरी तो भरी हुई है। बिजली को बाहर आने का रास्ता नहीं मिल रहा।"

म्हणून जंप केबलचा चिमटा लावला की पकड हलून ट्रक सुरू व्हायचा. म्हणून चार्जर दहा मिनिटांत तृप्त! पाजींनी खिशातून ब्रश काढला, घासले, पाना फिरवला. आठ मिनिटे. मी घड्याळ लावले होते, सवय.

"लेकिन पाजी," मी शेवटचा किल्ला लढवला, "पॉइंट आठ अँपिअर जा रहा था. मैंने नापा है."

पाजींनी बोनटच्या आतल्या बाजूला बोट दाखवले. तिथे तेलाने माखलेला, लिंबाएवढा एक दिवा होता; आत्ता विझलेला, का ते पुढे कळेलच. "इसका होगा। बोनट उठाओ तो जलती है, बंद करो तो बुझ जाती है।"

मी त्या दिव्याकडे पाहिले. गुरुवारी दुपारच्या उजेडात, माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर, तो दोन तास जळत होता. मी मोजायला बोनट उघडला, म्हणून तो लागला. आणि तो लागला म्हणून माझ्या मीटरला चोर सापडला. मोजण्याची कृतीच मोजमाप बिघडवू शकते, हे माझ्या अभ्यासक्रमातले पहिले व्याख्यान आहे. त्यावर मी दरवर्षी परीक्षेत प्रश्न घालते. चुकणाऱ्यांना समजावून सांगताना माझा सूर फारसा मायाळू नसतो.

"सुरू झाला!" मिलिंद ओरडला. इंजिन झकास फिरत होते. नऊला दहा कमी. त्याने ब्रेक दाबला, गिअरचा दांडा ओढला. हलेना. पुन्हा ओढला. हलेना!

पाजी मागे गेले. "ब्रेक मार... बत्ती नहीं जल रही। ब्रेक का फ्यूज देखो।"

ब्रेक दाबल्याखेरीज ट्रक गिअर हलू देत नाही. आणि ब्रेक दाबला आहे हे त्याला ज्या तारेतून कळते, ती तार, मागचे ब्रेकचे दिवे, आतला दिवा, घड्याळ आणि बोनटखालचा तो लिंबू, असा अर्धा संसार बनवणाऱ्यांनी अकराव्या फ्यूजवर बसवला होता.

"फ्यूज किधर है?" पाजींनी विचारले.

"कॉलेज में," मी म्हणाले.

"कॉलेज में?"

"पिशवी में."

पाजी भला माणूस. त्यांनी पुढे विचारले नाही. बहुधा फ्यूजने प्रवेश घेतला असावा असे त्यांना वाटले.

मिलिंद स्टिअरिंगवर डोके टेकून बसला होता. मी स्कायट्रेनने जाऊन फ्यूज आणते, असे म्हणाले; जाऊन येऊन दीड तास. पाजी वाकले, लायटरचा फ्यूज उपटला, त्यावरचा अँपिअरचा आकडा ताडून पाहिला, तोच होता, आणि अकराव्या जागी दाबला. मागचे दिवे लाल झाले. गिअर पडला. मिलिंदने हॉर्न वाजवला, आणि पाजी चपलांवरच शेजारच्या सीटवर चढले. "चल पुत्तर, एक आदमी से अलमारी नहीं उठती।"

सासूबाई दारात आल्या होत्या. "गणपतीचा दिवा परत विझला का गं?"

"त्याचाच फ्यूज लावलाय, आई. म्हणून ट्रक निघाला."

"बघ," त्या म्हणाल्या. "ज्याच्यावर आळ घेतलास, त्यानंच पदरची वीज दिली." मी निरीश्वरवादी आहे, तरी निकालपत्रात ही नोंद करून घेतली.

शेवटचे खोके अकराला तीन मिनिटे असताना लिफ्टमधून बाहेर आले. मार्गारेट आजींनी पाच तारे दिले आणि लिहिले, की हा तरुण आणि त्याचे वडील अत्यंत कार्यक्षम आहेत. पाजींनी तो रिव्ह्यू घरात सर्वांना वाचून दाखवला. सोमवारी वर्गात मी दुरुस्तीचे व्याख्यान दिले. या वेळी मुले जास्त मनापासून हसली.

मिलिंदला आता आठवड्याचे सहा दिवस काम असते. सातव्या दिवशी ट्रक पाजींच्या ड्राइव्हवेत उभा राहतो, आणि तो तिथेच का राहतो हे मला कोणी सांगत नाही. तरी एकदा, दोघे चहा पीत असताना, मी अर्धा तास साधला. मीटरच्या वायरी फटीतून बाहेर काढल्या, बोनट पूर्ण बंद केला, गणपतीची वायर सोडवली, दाराचे बटण दाबले, आणि मोजले.

पॉइंट तीन.

मिलिंदने मला हाताला धरून घरी आणून सोडले. म्हणजे त्या पॉइंट आठपैकी पॉइंट पाचचा चोर मी स्वतः होते. उरलेले पॉइंट तीन अँपिअर कुठे जातात, ते अजून कोणालाच ठाऊक नाही. ट्रक रोज सकाळी सुरू होतो.