चरबी धुणारे चाचा

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, औशातल्या आमच्या गल्लीतल्या चाचांना ऑपरेशन थिएटरातून काढलं आणि दवाखान्याच्या दारात टोकन वाटायला बसवलं. अख्ख्या लातूर जिल्ह्यात त्यांच्याइतका संथ, हट्टी आणि खरा माणूस दुसरा नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगायला तयार आहे.

चाचा लातूरच्या एका प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात चरबी धुवायचे. हसू नका. पेशंटच्या पोटातून बारीक नळीने चरबी ओढतात आणि खोल गेलेल्या गालात किंवा व्रणाखाली भरतात. मधलं सगळं काम चाचांचं. भरलेली सिरिंज ते स्टँडमध्ये उभी करत आणि तिच्याकडे बघत बसत. खाली रक्ताचं पाणी बसे, वर तेल येई, मध्ये पिवळी चरबी राही. पाणी सोडायचं, तेल गॉझच्या पट्टीने टिपायचं, राहिलेलं सलाईनने हलकेच धुवायचं. माल जिवंत आहे, चोळला की मेला, हे त्यांचं ब्रीद. एकदा मोठे डॉक्टर त्यांच्या टेबलाला टेकून क्रिकेटवर बोलू लागले, तर टेबल हलतंय म्हणून चाचांनी त्यांनाच भिंतीकडे उभं केलं. ही सवय थिएटरापुरती असती तर ठीक. पण हॉटेलात चहाचाही गाळ खाली बसेपर्यंत ते थांबत आणि थंडगार झाला की चवीने पीत. एसटीत मागच्या चाकावरची सीट रिकामी असली तरी औसा ते लातूर उभे, हादऱ्याने आतलं ढवळू नये म्हणून जेवणाचा डबा छातीशी आडवा धरून. "लई घाई करायलेत समदे," एवढीच त्यांची जगाबद्दल तक्रार.

दवाखान्यासमोर कोचिंग क्लासचा बोर्ड आहे, निवड झालेल्या पोरांच्या फोटोंचा. चाचा रोज विचारत, "बाकीची पोरं कुठंयत?" मग दवाखान्यानेही तसाच बोर्ड लावला, आधीचा गाल आणि नंतरचा गाल. तेव्हापासून चाचा मान खाली घालून आत शिरत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक अंगणवाडीताई आल्या. किल्लारीच्या भूकंपात, लहान असताना, भिंतीचा दगड गालावर पडलेला, तेव्हापासून गाल खोल गेलेला. लेक आता लातुरात कोचिंगला. ताई हॉस्टेलच्या फाटकाबाहेरूनच, तोंडावर पदर धरून, तिला डबा देतात. आत गेलं की पोरी बघतात म्हणे. गाल कायमचा भरेल का, एवढंच त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के. कोपऱ्यात हत्यारं धुणारे चाचा वळले.

"बाई, भरलेलं समदं ऱ्हात न्हाई. काही जिरतंय. परत यावं लागंल."

पोळ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी चाचा दारात.

ताई मात्र पुढच्याच सोमवारी परत आल्या. म्हणाल्या, "ज्यानं खरं सांगितलं, त्याच्याच हातानं धुतलेली चरबी भरा." आतून नकार आला. तेव्हापासून त्या दर सोमवारी येतात, चाचांकडून पहिलं टोकन घेतात, दुपारपर्यंत बसतात आणि परत देऊन जातात. चाचा ते खिशात जपून ठेवतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

चाचांना परत आत घ्या म्हणून मी दवाखान्याविरुद्ध एक पत्रक लिहिलं. चाचांनी ते वाचलं आणि माझ्याच घरातल्या घड्याळामागे उभं करून ठेवलं. "दोन दिस बसू दे. वर तेल येतंय, ते टीप." तिसऱ्या दिवशी मी 'जाहीर निषेध', 'मुजोर', 'धिक्कार' हे सगळं खोडलं. रागाने नव्हे, खरंच वर आलं होतं.

मध्ये राहिलं ते एवढंच. त्या दवाखान्यात तुम्ही किंवा तुमचं माणूस जाईल, तेव्हा कागदावर सही करण्याआधी पेन खाली ठेवा आणि विचारा: यातलं राहणार किती, आणि दारातल्या म्हाताऱ्याला आत कधी घेताय? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.