परदेशातून आलेला पाट

मोकल सर वर्गात शिरले की भिंतीसुद्धा ताठ होतात, असं पेणच्या त्या कॉलेजातली मुलं म्हणत. भिंतींना ओल आली होती आणि ताठ होण्याचं त्यांचं वय उलटलं होतं. सर मात्र खरोखर ताठ होते. रोह्याहून सकाळच्या पॅसेंजरने यायचे. निडी गेलं की पँटची इस्त्री तपासायचे, नागोठणं गेलं की केसांचा भांग. मिठागरात राबलेल्या विठू मोकलाचा हा मुलगा, महिपती, एम.कॉम. झाला होता, आणि ही बातमी अजून काही लोकांपर्यंत पोचायची राहिली आहे अशा घाईत तो कायम चालायचा.

त्यांचा विषय वाणिज्य पत्रव्यवहार. विचारणा, दरपत्रक, मागणी, स्मरणपत्र. मुलांनी लंडनच्या एका कंपनीला पत्र लिहायचं आणि कंपनीने उत्तर द्यायचं, अशी त्यांची पद्धत. लंडनची कंपनी म्हणजे अर्थात स्वतः सर. रात्रीचं जेवण झालं की लाल शाईचं पेन घेऊन ते लंडनला जाऊन बसत. "तुमच्या पोह्यांचा नमुना पसंत पडला, लवकरच मोठी मागणी नोंदवू," असं लिहीत, आणि खाली दहापैकी सात देत. बायको चंद्रावती म्हणायची, "लंडनवाल्यांना सांगा, आधी ताटाखालचा पाट उचला."

अशी बरीच वर्षं गेली. मग अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत संस्थेच्या अध्यक्षांनी कॉलेजला एक कॉम्प्युटर दिला, आणि त्याबरोबर इंटरनेट. टेलिफोन प्राचार्यांच्या खोलीत, कॉम्प्युटर शेजारच्या वर्गात. म्हणून वायर खिडकीतून घेतली होती, आणि पावसाळ्यात काय करायचं हा प्रश्न पावसाळ्यावर सोडला होता. लाइन मुंबईला एसटीडीने लागायची. लागताना मोडेमच्या डब्यातून भाताच्या गिरणीत खडे पडल्यासारखा आवाज यायचा, आणि वर्गातली सगळी मुलं श्वास धरून बसायची. इंटरनेट चालू असलं की प्राचार्यांना कुणाचा फोन येत नसे. त्यामुळे प्राचार्यही या नव्या तंत्रज्ञानावर खूश होते.

मोकल सरांना तर पंख फुटले. आता खोटं लंडन नको, खरं जग आहे. त्यांनी मुलांचे गट पाडले. एका गटाने पेणचे पोहे, एकाने पापड, एकाने गणपती घ्यायचे, आणि परदेशातल्या मराठी मंडळांचे पत्ते शोधून इंग्रजीत ई-मेल पाठवायचे. सगळं शिस्तीत. कुठलंही प्रात्यक्षिक क्रमांकाशिवाय होता कामा नये हा सरांचा दंडक, म्हणून प्रत्येक ई-मेलच्या खाली कॉलेजचं नाव आणि 'प्रात्यक्षिक क्रमांक चार' असं लिहिलं गेलं.

गणपतीच्या गटात नूतन होती. तिच्या वडिलांचा, कान्हूचा, गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये कारखाना म्हणायला चिमणी लागत नाही. घराची पडवी, पुढे मांडव, आणि आत कान्हू, त्याची बायको मैना आणि शाडूची माती एवढ्यावर कारखाना होतो. आजूबाजूला प्लॅस्टरच्या साच्यांतून गणपती पटापट निघत होते. कान्हू मात्र हाताने घडवायचा, म्हणून मूर्ती मोजक्याच व्हायच्या, आणि त्या मोजक्या घरांच्या ठरलेल्या असायच्या.

ठरायच्या पाटावर. उन्हाळा सरत आला की ती घरं आपला लाकडी पाट खडूने नाव घालून कान्हूकडे आणून देत. त्या पाटावरच त्यांचा गणपती घडे. एकदा पाट ठेवून घेतला की विषय संपला. ना पावती, ना सही. मग मंत्री जरी मोटार घेऊन आला तरी ती मूर्ती त्या घरची. आणि कान्हूने पाट परत केला, असं त्या घरांपैकी कुणी पाहिलं नव्हतं.

होळीच्या सुमारास एक उत्तर आलं, ते गणपतीलाच. अमेरिकेतल्या कुठल्याशा मंडळाच्या गृहस्थाने लिहिलं होतं, "वा, फारच सुंदर. आमच्या मंडळाला शंभर तरी मूर्ती लागतील. जरूर पुढे जाऊ या. तपशील नंतर कळवतो."

ही मागणी नव्हे, हे पहिल्या वर्षाचा कुठलाही मुलगा सांगू शकला असता. सरांनीच शिकवलं होतं. पण ती बातमी प्राचार्यांकडे गेली, प्राचार्यांकडून अध्यक्षांकडे, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत अध्यक्ष, प्राचार्य, एका साप्ताहिकाचा वार्ताहर आणि हार घेतलेला शिपाई असे सगळे जमले. कान्हूलाही बोलावलं होतं. तो चपला बाहेर काढून आला आणि कॉम्प्युटरकडे बघत, मातीचे हात पाठीमागे धरून उभा राहिला.

अध्यक्ष बोलले. वार्ताहराने फोटो काढला. मग कान्हूने हळूच विचारलं, "सर, मला त्यातलं काय कळत नाय. पाट आला, म्हणायचा का?"

सगळे सरांकडे बघत होते. सरांच्या गळ्यात हार होता.

"आला," सर म्हणाले.

कान्हूने मान हलवली आणि घरी जाऊन माती भिजत घातली.

शंभर मूर्ती हाताने घडवायच्या म्हणजे दुसऱ्या कुणाचं काम घेता येणार नव्हतं. उन्हाळा सरता सरता घरं पाट घेऊन आली, आणि कान्हूने ते दारातूनच परत केले. खाडीकडच्या वाडीतली काशीबाई डोक्यावर पाट घेऊन आली होती. ती तो खाली उतरवेना.

"औंदा नाय जमायचं गो काशीबाय," कान्हू म्हणाला. "परदेशाचा पाट घेतलाय."

"माझ्या सासऱ्यापासून तुमच्याकडचा देव. आता परदेश आडवा आला व्हय?"

"एक साल सांभाळून घे."

"आम्ही सांभाळू. देव सांभाळील का, ते त्याला विचार," म्हणून ती तशीच पाट घेऊन गेली. मैना आतून ऐकत होती. तिने त्या दिवशी कान्हूला चहा विचारला नाही.

इकडे अमेरिका गप्प होती. सुट्टीतही सर दर आठवड्याला रोह्याहून पेणला येऊन ती इंटरनेटची गिरणी चालू करत. नवीन पत्र नाही. मग त्यांनी पुस्तकाप्रमाणे पहिलं स्मरणपत्र लिहिलं, नम्र. मग दुसरं, नम्र पण ठाम. तिसऱ्यात काय लिहायचं हे पुस्तकात होतं, पण ते लिहायचा त्यांना धीर झाला नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि उत्तर आलं. सर खोलीत एकटेच होते.

"प्रिय सर, उशिराबद्दल माफ करा, प्रवासात होतो. तुमच्या मुलांचं प्रात्यक्षिक आम्हाला फार गोड वाटलं. त्यांना हुरूप यावा म्हणून मीही खरा ग्राहक असल्यासारखं उत्तर दिलं. आमचे गणपती दरवर्षी इथलाच एक दुकानदार मागवतो. सगळ्यांना माझ्याकडून शंभरपैकी शंभर द्या."

सरांनी ते दोनदा वाचलं. माणूस चांगला होता. त्याला शिव्या देण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. इतकी वर्षं लाल शाईने सर जे करत होते, तेच त्यानेही केलं होतं.

संध्याकाळी ते कान्हूच्या मांडवात गेले ते सांगायचं ठरवूनच. आत ओळीने गणपती बसले होते, करडे, ओलसर, अजून डोळे न काढलेले. कान्हू एकाची सोंड बोटाने गुळगुळीत करत होता. "या सर. बघा. तुमच्या अमेरिकेला बोट ठेवायला जागा नाय द्यायचो."

सरांचं तोंड उघडलं, पण त्यातून निघालं ते वेगळंच. "जहाजाची थोडी अडचण आहे. जरा लांबेल."

"लांबू दे. पाट हाय ना?"

"आहे," सर म्हणाले. मैनाने चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतून सगळा प्यायला, आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. तिथे त्यांना दोन जणांनी ओळखलं आणि इंटरनेटबद्दल अभिनंदन केलं.

श्रावण लागला. एके दिवशी तास सुरू व्हायच्या आधी नूतन सरांच्या टेबलापाशी आली. हसत होती. "सर, काल खांब गावचे हैबतराव आले होते. ते हायवेवर गणपतीचा मांडव घालतात ना, त्यांच्या माणसाने माल दिला नाही या वर्षी. म्हणाले, असतील तेवढे द्या, टेम्पो घेऊनच आलोय."

"मग?"

"बाबांनी नाही दिले. आई किती बोलली. म्हणाली, अवो, तो परदेशवाला काय बघायला येतोय? पण बाबा म्हणाले, पाट त्याचा हाय." ती अभिमानाने सांगत होती. "तुम्ही शिकवता ना सर, व्यापारात शब्द मोठा."

सर खडू हातात घेऊनच वर्गाबाहेर पडले. मुलांना वाटलं, प्राचार्यांनी बोलावलं असेल. ते बाजारातून, चिखलातून, पँटची पर्वा न करता कान्हूच्या मांडवात गेले आणि उभ्यानेच सगळं बोलले. मागणी नव्हती. कधीच नव्हती. त्याने मुलांना हुरूप यावा म्हणून लिहिलं होतं. आणि हे आपल्याला जूनपासून माहीत आहे.

कान्हूने हातातली मूर्ती आधी नीट खाली ठेवली.

"पोरांचा खेळ होता म्हणतोस?" सरांना तो पहिल्यांदाच एकेरी बोलला, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"हो."

"नि तू आला म्हणालास."

"हो."

मैना आतून बाहेर आली होती. तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा आत गेली. कान्हूने हात पुसले. मग म्हणाला, "हैबतरावाला फोन लावता येईल का?"

कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. हैबतराव भला माणूस. म्हणाला, "अरे कान्हू, कालच नाय का सांगायचं? मी तसाच पुढं हमरापूरला गेलो, प्लॅस्टरचे भरले. आता मांडवात उभं राहायला जागा नाय."

राहिली होती ती पाट परत केलेली घरं. कान्हू त्या घरांकडे निघाला आणि सर त्याच्याबरोबर गेले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण परत जा असंही कुणी म्हटलं नाही. पहिल्या घरात गणपती प्लॅस्टरचा ठरला होता. दुसऱ्यातही. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याने तर, "आता हाच कायमचा," म्हणून सांगितलं. प्रत्येक घरात सरांना खुर्ची मिळाली. कान्हू उंबऱ्याशी उकिडवा बसला. एका घरात कुणीतरी म्हणालं, "सर, आमच्या पोरीला पण घ्या ना तुमच्या कॉम्प्युटरात."

शेवटी काशीबाईचं घर. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी मुंबईच्या भाच्याला सांगितलंय. तो घेऊन येणार हाय."

सर खुर्चीवरून उठले. "काशीबाई, यात कान्हूचा दोष नाही. चूक माझी. मीच त्यांना खोटं सांगितलं. मागणी आलीच नव्हती."

काशीबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग कान्हूकडे. "तुम्ही कशाला पांघरूण घालता सर? शिकलेली माणसं तुम्ही, तुम्ही कशाला खोटं सांगाल? ह्यालाच हाव सुटली. अमेरिका दिसली नि आम्ही दिसेनासे झालो."

"नाही हो, मी खरंच सांगतोय..."

"बसा. चहा घ्या."

"व्हय काशीबाय," कान्हू उंबऱ्यावरून म्हणाला. "हावच सुटली." आणि उठला.

बाहेर रस्त्यावर आल्यावर सर म्हणाले, "तुम्ही असं का म्हणालात?"

"मग काय म्हणू? पोरांच्या खेळाला फसलो म्हणू? हावऱ्याला माणसं माफ करतात सर, वेड्याकडं देव घडवायला देत नायत." मग थोडं चालून म्हणाला, "तुम्ही जा. गाडी चुकेल."

चतुर्थी आली आणि गेली. थोड्या मूर्ती इकडेतिकडे गेल्या. बाकीच्या, अजून डोळे न काढलेल्या, कान्हूने एकेक करून हौदात सोडल्या आणि त्यांची माती होईपर्यंत तिकडे फिरकला नाही. हावऱ्याला माणसं माफ करतात, हा त्याचा अंदाजही चुकला. पुढच्या उन्हाळ्यात एकही पाट आला नाही, म्हणून मांडव घातलाच नाही. कान्हू आणि मैना नागोठण्याच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या प्लॅस्टरच्या कारखान्यात रोजंदारीवर जाऊ लागले, आणि नूतननेही परीक्षेचा अर्ज भरला नाही.

कॉलेजात दुसरा कॉम्प्युटर आला. त्या साप्ताहिकातला फोटो चौकट करून प्राचार्यांच्या खोलीत लावला होता. अलिबागला शिक्षकांच्या सभेत सरांना बोलायला बोलावलं, तेव्हा त्यांनी शेवटापर्यंतची सगळी हकिगत सांगितली. अध्यक्षस्थानी असलेले साहेब म्हणाले, "ते ठीक आहे. पण संपर्क झाला ना? तेच महत्त्वाचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एकदा रेल्वे बंद होती म्हणून सर एसटीने पेणला येत होते. गाडी त्या मोठ्या कारखान्यापाशी पंक्चर झाली, तशी माणसं उतरली. कारखान्याच्या शेडमध्ये रंगाचं यंत्र घुरघुरत होतं. ओळीने प्लॅस्टरचे गणपती ठेवले होते, आणि तोंडाला फडकं बांधलेली एक मुलगी पितांबरांवर पिवळा रंग फवारत पुढे सरकत होती. तिने वर पाहिलं. यंत्र बंद केलं, फडकं खाली ओढलं आणि उभी राहिली, वर्गात राहायची तशी.

"बस" म्हणायला हवं होतं. सरांच्या तोंडून ते निघालं नाही. त्यामुळे चाक बदलून गाडी सुटेपर्यंत नूतन तशीच उभी होती, आणि मागून मुकादम तिला विचारत होता, काय गो, काम कोण करणार?