अकोल्यात शाखा नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले, पण तिथंही दुसरंच काहीबाही मागत राहिले.

अमरावतीत आमचं मसाल्याचं दुकान. आधी वर निऑनची लाल नळी होती — बिचारी नाव तेवढं दाखवायची. मग ह्यांनी एलईडीची पाटी बसवली. अक्षरं पळणारी, मोबाईलवरून पाहिजे तेव्हा बदलता येणारी. पाटीवाल्यानं ह्यांना शिकवलं. ह्यांना जमलं नाही. मी मागे बसून लसूण सोलत होते — मला जमलं. पन्नाशी उलटलेली बया, पण तोरा बघा! दुपारी ह्यांचा डोळा लागला की पाटीवर स्वतःचंच नाव पळवायची, अन् पुसून टाकायची.

तिथंच थांबले असते तर?

मसाला खरा माझ्या धाकट्या जावेच्या, कुसुमच्या हातचा. दीर गेले, ती अकोल्याला माहेरी गेली. तिथं तिनं आमच्याच नावानं लहानसं दुकान मांडलं — ह्यांनीच सांगितलं होतं, मांड म्हणून. मग मला काय झोंबलं? गिऱ्हाईक म्हणायचं, अकोल्याचा मसाला सरस. एवढंच. खरंच, एवढंच.

एका दुपारी मी लिहिलं : ‘आमची अकोल्यात शाखा नाही. नकली मालापासून सावध.’ हे दिवसभर आत गल्ल्यावर बसलेले. आपल्या दुकानाची पाटी आपण कुठं वाचतो? उन्हाळाभर पळत राहिली ती अक्षरं. बायका वर्षाचा मसाला भरतात, नेमके तेच दिवस.

कुसुम आली. बाहेर उभी राहून तिनं सगळं वाचलं, मग आत आली.

“बाई, हे कोनं लिवलं?”

“पाटीवाला टाकून गेला असन. मले काय समजते त्यातलं?”

“हो ना,” ती म्हणाली. “तुमाले कसं समजन.”

ह्यांनी पाटीवाल्याला फोनवर झापलं. मी चहा ठेवला. अक्षरं त्याच दिवशी गेली. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचून अकोल्यात बोभाटा केलाच होता; तिथलं गिऱ्हाईक फिरलं ते फिरलंच. तिचं दुकान मोडलं. आता ती दुसऱ्याच्या कांडपावर मिरच्या भाजते.

अन् मी? तेव्हापासून मला मोबाईल येत नाही. नंबरसुद्धा नातवंडं लावून देतात, आजीला हसतात. हसू देते.

दर उन्हाळ्यात कुसुम मसाल्याचा डबा पाठवते. मी भाजीत घालते. जेवते. चव अजून तीच आहे.